प्रस्तावना : दुसऱ्याच्या अड्ड्यावर

बार म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी काळी काच येते. दाराला जाड पडदा, आत मिणमिणता दिवा, टेबलावर चकण्याची बशी, आणि ओळखीचं कुणी आत शिरलं की मेन्यूकार्डात तोंड खुपसणारा एखादा सद्गृहस्थ. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, त्या कायद्याच्या पोटातूनच पुढे ‘परमिट रूम’ निघाली. परवाना खिशात असो वा नसो, चोरून बसल्याची भावना मात्र तिथे जाणाऱ्याच्या अंगात मुरली ती मुरलीच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ‘तुमच्या आवडत्या पबबद्दल आणि डिसेंबरातल्या पब क्रॉलबद्दल लिहा’ असं सांगितलं, तेव्हा बहुतेकांची पहिली शंका एकच होती : ‘घरी आई वाचेल हो!’ ही शंका काढणाऱ्यांत केस पांढरे झालेले डॉक्टरही होते.

लिहिलं मात्र सगळ्यांनी, आणि मोकळेपणाने लिहिलं. तो मोकळेपणा आला कुठून, याची थोडी फोड वाचकासाठी इथे करायला हवी.

इंग्रजांनाही एके काळी पडदा लागत होता, हे आधी सांगतो. लंडनच्या मेडा व्हेल भागात फॉर्मोसा स्ट्रीटवर ‘प्रिन्स अल्फ्रेड’ नावाचा व्हिक्टोरियन पब आहे. बारच्या भोवती लाकडाच्या आणि नक्षीदार काचेच्या भिंती घालून लहान लहान कप्पे पाडलेले आहेत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर भिंतीच्या तळाशी एक बुटकं दार आहे, त्यातून जवळजवळ रांगतच जावं लागतं. काउंटरवर डोळ्यांच्या पातळीला काचेच्या छोट्या फिरत्या झडपा, त्यांना म्हणतात ‘स्नॉब स्क्रीन’. घरंदाज गिऱ्हाइकाने झडप तिरकी करून ग्लास मागवायचा, पलीकडच्या माणसाला त्याचा चेहरा दिसायचा नाही. ब्लूम्सबरीतल्या ‘द लॅम्ब’ पबमध्येही त्या झडपा अजून आहेत. मजूर ‘पब्लिक बार’मध्ये, शेटजी गालिच्याच्या ‘सलून बार’मध्ये, आणि त्याच पिंपातली तीच बिअर गालिच्यावर पेनीभर महाग, असा सगळा मामला होता. बहुतेक पबमधल्या या भिंती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडून टाकल्या गेल्या. आज त्याच खोलीत आजोबा पेपर वाचत असतात, कुत्रं पायाशी झोपलेलं असतं, आणि रविवारी दुपारी लहान मुलं बटाट्याचे तुकडे सॉसमध्ये बुडवत असतात. आमचे डॉक्टर मोकळे झाले ते या खोलीत.

आता ‘लोकल’ म्हणजे काय ते. घराजवळचा कुठलाही पब आपला लोकल होत नाही. तो सवयीने होतो, आणि सवय दोन्ही बाजूंना लागावी लागते. तुम्ही आत आल्यावर बारमागच्या बाईचा हात न विचारता तुमच्या नेहमीच्या पंपाकडे गेला, की झालं. तोवर तुम्ही पाहुणे. या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात तो हात पंपाकडे जाण्याचा क्षण आहे, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटतं. संपादक म्हणून मी दोनतीन ठिकाणी काढून टाकला. उरलेल्या ठिकाणी हात धजावला नाही.

सवयीखालोखाल महत्त्वाचा म्हणजे राउंड. पाच जण पबमध्ये शिरले तर पाचही जण आपापली बिअर घेत नाहीत. एक जण बारपाशी जातो, सगळ्यांचं आणतो; ग्लास तळाला लागले की दुसरा उठतो. आपल्याकडच्या कॉन्ट्रीची इथे सोय नाही. हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तो पक्का असतो, आणि ऐन आपल्या पाळीला बाथरूमची आठवण होणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो. ही चाल एवढी चिवट की पहिल्या महायुद्धात सरकारने ती कायद्याने बंद करून पाहिली. ऑक्टोबर १९१५ पासून लंडनमध्ये दुसऱ्यासाठी दारू विकत घेणं गुन्हा ठरलं. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतले कामगार एकमेकांना पाजून सकाळी कामावर झिंगत येतात, ही तक्रार होती. नवऱ्याने बायकोसाठी घेतलेला ग्लासही त्यातून सुटत नव्हता. जेवणाबरोबर घेतला तर गोष्ट वेगळी. युद्ध संपलं, हुकूम गेला, आणि राउंड जणू काही झालंच नाही अशा थाटात परत आला.

न पिणाऱ्याचीही राउंडमधून सुटका नाही. आमच्यातल्या एक बाई आयुष्यभर लाइम-सोड्यावर राहिल्या, पण पाळी कधी चुकवली नाही. त्या लिहितात की त्यांच्या लोकलमध्ये त्यांना मान होता तो याचमुळे. शाकाहाऱ्यांची पंचाईत वेगळीच. चकण्याला इथे तळलेल्या डुकराच्या कातड्याचे तुकडे, ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’. ते टाळता येतात. पण पिंपातली पारंपरिक बिअर नितळ करायला माशाच्या वायुकोशापासून केलेला ‘आयसिंग्लास’ नावाचा पदार्थ घालतात, हे एका कट्टर शाकाहारी पुणेकराला पिंट संपवल्यावर कळलं. अलीकडे बऱ्याच ब्रुअरींनी तो सोडून दिला आहे, हे त्यांना कळवून मी माझ्याकडून सांत्वन केलं. राहता राहिला बटाट्याच्या वेफर्सचा पुडा. तो इथे तोंडाकडून उघडत नाहीत. शिवणीवरून उभा फाडून टेबलाच्या मधोमध ताटासारखा पसरतात, चांदीचा वर्ख वर, आणि सगळ्यांचे हात त्यात. अनोळखी माणसाने आपला पुडा असा पसरून तुमच्याकडे सरकवला की ओळख झाली असं समजायचं.

हे सगळं नीट बसलेलं असताना येतो डिसेंबर.

पब क्रॉल म्हणजे एका संध्याकाळी एकामागून एक पब करत जाणं. प्रत्येक ठिकाणी एक ग्लास, मग कोट चढवून पुढचा. वर्षभर ते चालतं, पण नाताळाआधीच्या दोन आठवड्यांत त्याला ऊत येतो. ऑफिसातली टोळकी रेनडिअरची चित्रं असलेले, दिवे लुकलुकणारे स्वेटर घालून निघतात. नाताळाआधीच्या शेवटच्या शुक्रवारला उत्तर इंग्लंडात ‘मॅड फ्रायडे’ म्हणतात. डब्लिनने याची बारा पबांची शर्यत केली आहे, तिला नियमही असतात : एका पबमध्ये डाव्या हातानेच ग्लास उचलायचा, दुसऱ्यात कुणाला नावाने हाक मारायची नाही, चुकलात तर दंडाचा ग्लास. लीड्समध्ये ‘ऑटली रन’ आहे. हेडिंग्लीच्या पुढून सुरू करून ऑटली रोडने पब करत शहरात उतरायचं, तेही सोंगं घेऊन. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सर्कल लाइनवर २७ स्थानकं होती, तेव्हा प्रत्येक स्थानकाबाहेर एक पब असा बेत करणारे बहाद्दर होते. २००९ च्या डिसेंबरात त्या रेल्वेने आपलं वर्तुळच मोडलं, त्यामुळे हा बेत भूमितीच्या दृष्टीनेही अवघड झाला आहे.

माझं मत विचाराल तर बारा म्हणजे पोरखेळ. एक पिंट ५६८ मिलिलिटरचा. बारा म्हणजे ६.८ लिटर, आणि पाचव्यानंतर कुठला पब पाहिला हे कुणालाच सांगता येत नाही. मग पब बदलायचे कशाला? चांगला क्रॉल चार पबांचा, फार तर पाच. पायी जाता येईल असा, मध्ये थंडीत पंधरा मिनिटं चालणं होईल असा. आणि टोळी चार-पाचांची, म्हणजे राउंड प्रत्येकाकडे एकदा येतो आणि सगळे फिटतात. टोळी दहाची झाली की एकतर दहा पिंट नाहीतर भांडण.

या दिवसांत नेहमीचं गिऱ्हाईक वैतागतं. त्याच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट पडलेला असतो, बारपाशी चारपदरी गर्दी, कुणीतरी सहा वेगवेगळी कॉकटेलं मागतंय. असे लेखही यात आहेत, आणि ते संग्रहातले सगळ्यांत विनोदी लेख आहेत. लोकलवाला आणि क्रॉलवाला ही इंग्लंडातली जुनी सासू-सून जोडी. पण मजा अशी की ज्या शुक्रवारी माझ्या लोकलमध्ये तुम्ही उपरे असता, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुमच्या लोकलमध्ये मी उपरा असतो. क्रॉल म्हणजे एका रात्रीत चार परक्या घरी जाणं. वर्षभर स्वतःच्या अड्ड्यावर ठिय्या मारून बसलेल्या माणसाला ही एक रात्र पाहुणा होऊन काढावी लागते, आणि बहुतेकांना पुढचा लोकल सापडतो तो अशाच रात्री. घर बदललं, नोकरी बदलली, घटस्फोट झाला, की मागे कधी तरी क्रॉलमध्ये पाहिलेला तो शेकोटीचा पब आठवतो.

गर्दीचा फायदा बिअरलाही होतो, हे लोकलवाले कबूल करत नाहीत. पारंपरिक ‘कास्क एल’ पिंपात जिवंत असते. तिच्यातलं यीस्ट तळघरात शेवटपर्यंत काम करत असतं, आणि ती हातपंपाने वर ओढतात. साधारण १२ अंश सेल्सिअसला ती देतात, म्हणून आपल्याकडून नवा आलेला माणूस ‘बिअर गरम आहे’ म्हणतो. ‘फर्किन’ नावाचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंटचं. तोटी ठोकली की आत हवा शिरते, आणि तीनेक दिवसांत पिंप संपलं नाही तर बिअर आंबूस होऊ लागते. मंगळवारी चार म्हातारे बसणाऱ्या पबमध्ये ७२ पिंट खपवणं ही मालकाची रोजची चिंता असते. डिसेंबरात तेच पिंप एका रात्रीत रिकामं होतं. त्या कमाईवर मालकाला जानेवारी काढायचा असतो, आणि हल्ली जानेवारीत महिनाभर न पिण्याचं व्रत घेणारेही पुष्कळ झाले आहेत. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ६०,००० च्या आसपास पब होते. आता ४५,००० च्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटची स्वस्त बिअर, भाडी, जागेच्या किमती, इंग्लंडातली जुलै २००७ ची धूम्रपानबंदी, कमी पिणारी तरुण पिढी, अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. त्यांचा पाढा इथे वाचत नाही. तो लेखांमधून येतोच.

सणाचा पब पाहायचाच असेल तर क्रॉल सोडून एक दिवस शेफील्डच्या पश्चिमेला डंगवर्थ गावी जावं. टेकडीवरच्या ‘रॉयल हॉटेल’ नावाच्या पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत रविवारी दुपारी लोक नाताळची गाणी म्हणतात. मंच नाही, गायक नाहीत, तिकीट नाही. एका कोपऱ्यात ऑर्गन, बाकी सगळी खोली गायक. उशिरा गेलात तर आत पाऊल टाकायला जागा नसते. माणसं भिंतीला पाठ लावून, ग्लास छातीशी धरून उभी. आणि गाणी ही तुम्ही दुकानांतल्या स्पीकरवर ऐकता ती नव्हेत. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये सुधारणेचं वारं आलं, गावकऱ्यांची वाद्यं आणि त्यांच्या रांगड्या चाली बाहेर काढल्या गेल्या, ऑर्गन आणि छापील भजनसंग्रह आले. बाहेर पडलेल्या गाणाऱ्यांनी आपला ऐवज उचलला आणि पबात नेला. शेफील्डच्या आसपासच्या गावांत तो टिकला. इयन रसेल या अभ्यासकाने १९६९ पासून या गाण्यांची ध्वनिमुद्रणं आणि नोंदी केल्या. मेंढपाळांच्या एकाच गीताला इथे अनेक चाली आहेत, आपल्या भजनी मंडळात एकच अभंग दर गावी वेगळ्या चालीत ऐकू यावा तशा. त्यातली ‘क्रॅनब्रूक’ ही चाल टॉमस क्लार्क नावाच्या कँटरबरीच्या चांभाराने बांधली, १८०५ मध्ये ती छापली गेली, आणि पुढे यॉर्कशरवाल्यांनी ती आपल्या एका टवाळ गाण्याला लावली. आज सगळा देश तिला त्या गाण्याची चाल म्हणूनच ओळखतो. आमच्या एका लेखिकेने डंगवर्थच्या दुपारवर लिहिलं आहे. तिला शब्द येत नव्हते, तर शेजारच्या बाईंनी वही तिच्यापुढे धरली आणि स्वतः पाठ म्हटलं. हा लेख मी अगदी मध्यावर ठेवला आहे, पण घाई असेल त्यांनी आधी तोच वाचावा.

पाहुणचाराचं एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणं भाग आहे. या देशात बराच काळ आपल्या रंगाच्या माणसाला पाहुणा व्हायचीही मुभा नव्हती. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना कित्येक पबांत एका ठरावीक खोलीतच बसावं लागे, कुठे दारातूनच परत पाठवत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स स्मेदिकमध्ये येऊन गेला. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी रेस रिलेशन्स कायदा आला आणि सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरला. कायद्याने दार उघडलं, पण आतली नजर बदलायला वेळ लागला. पुढे आपल्या लोकांनी बंद पडत चाललेले पबच चालवायला घेतले. आज स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थ भागात ‘देसी पब’ आहेत : तोच हातपंप, तोच डार्टचा फळा, भिंतीवर क्रिकेट, आणि लोखंडी तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल. तिथे गोरे म्हातारे डोमिनो खेळत टिक्का खाताना दिसतात. डेव्हिड जेसुदासन यांनी या पबांवर २०२३ मध्ये एक चांगलं पुस्तक लिहिलं आहे. लंडनच्या साउथॉलमध्ये ‘ग्लासी जंक्शन’ होता, तिथे पिंटचे पैसे रुपयांत देता यायचे. तो आता नाही, पण आमच्यातल्या दोघांनी त्याच्यावर लिहिलं आहे, आणि रुपयाचा भाव तिथे कसा लावत यावर दोघांचं अजिबात एकमत नाही. मी दोन्ही तसेच छापले.

स्मरणलेखांचं असंच असतं. जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या लाडक्या पबचं वर्णन लिहिलं होतं : व्हिक्टोरियन सजावट, बोलणं ऐकू येईल अशी शांतता, नावाने ओळखणाऱ्या बाया, मागे बाग. शेवटी त्याने सांगून टाकलं की असा पब अस्तित्वातच नाही. पुढे वेदरस्पून या साखळीने त्या काल्पनिक पबचं नाव आपल्या कित्येक शाखांना दिलं. त्यांत शांतता मिळते का, हे ज्याचं त्याने ठरवावं. या पुस्तकातले पब खरे आहेत. पण शेकोटी प्रत्येक लेखात पेटलेलीच कशी, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला तर तो रास्त आहे.

एका पबच्या बाबतीत मात्र आठवणीलाच कायद्याचं बळ मिळालं. मेडा व्हेलच्या उत्तर टोकाला कार्लटन व्हेल रस्त्यावरचा ‘कार्लटन टॅव्हर्न’, १९२०-२१ मध्ये बांधलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत त्याच्या रस्त्यावर तो एकटा उभा राहिला. एप्रिल २०१५ मध्ये, त्याला संरक्षित इमारतींच्या यादीत घेण्याचा निर्णय काही दिवसांवर आला असताना, विकासकाने परवानगीशिवाय तो जमीनदोस्त केला. मालाची मोजदाद करायची आहे असं सांगून पब चालवणाऱ्या बाईंना तो बंद ठेवायला लावला होता. पण वारसा खात्याने इमारतीची बारकाईने नोंद करून ठेवली होती आणि रहिवासी गप्प बसायला तयार नव्हते. वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने हुकूम काढला : होता तसा, विटेला वीट जुळवून, परत बांधा. सहा वर्षं गेली. एप्रिल २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. जुन्या टाइल्सपैकी ढिगाऱ्यातून वाचलेल्या नव्या बांधकामात बसवल्या आहेत.

तेव्हा लंडनला येणाऱ्या वाचकासाठी माझा क्रॉल असा : वॉरिक अव्हेन्यू स्थानकाबाहेर पडून आधी ‘प्रिन्स अल्फ्रेड’, तिथे एकदा तरी त्या बुटक्या दारातून जायचं, पहिल्या ग्लासाच्या आधी गेलेलं बरं. मग उत्तरेला चालत ‘वॉरिंग्टन’, संगमरवरी खांबांचा थाट पाहायला. तिथून रँडॉल्फ अव्हेन्यूने थेट वर, वाटेत थंडी खात, कार्लटन टॅव्हर्नला. तीनच झाले, चौथा तुमचा तुम्ही शोधा. शक्यतो सोमवार-मंगळवार बघा, नाताळाआधीचा शेवटचा शुक्रवार टाळा. निघण्याआधी पोटभर खा, अर्ध्या पिंटचे ग्लास मागायला लाजू नका. कोणी टेबलाशी येऊन ऑर्डर घेईल याची वाट पाहत बसू नका. आणि राउंड तुमचा असेल तर बारपाशी जाऊन निमूट उभे राहा. नोट नाचवू नका, चुटकी तर अजिबात वाजवू नका. रांग दिसत नसली तरी ती आहे, आणि तुमच्या आधी कोण आलं हे बारमागच्या बाईला पक्कं ठाऊक असतं.